रुग्णास थांबवण्यात आले

मुहिवा गाव, जिल्हा थ्योलो
दिनांक ४ मे १९९८

श्री. ग्रेशम नाझोम्बे, इंग्रजीचे शिक्षक, मुक्काम करोंगा, यांस,

मी, लायसन मुहिवा, वय वर्षे सत्त्याहत्तर, शिक्षण मिशनच्या शाळेत इयत्ता चौथी उत्तीर्ण, चीफच्या न्यायसभेत एकतीस वर्षे जबान्या लिहिणारा कारकून, सध्या निवृत्त, तुमची दिवंगत पत्नी एनिफा हिचा सख्खा मामा आणि म्हणून रीतीप्रमाणे तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेला तिचा अंखोस्वे, शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे पत्र लिहीत आहे.

आपल्यात अकरा वर्षे पत्रव्यवहार नाही. त्याची कारणे उभयतांना ठाऊक असल्यामुळे ती येथे लिहिली जात नाहीत.

पत्रास निमित्ते दोन आहेत. पहिले असे की, एनिफाच्या थडग्यावर दगड बसवण्याचे ठरले आहे. शनिवार, दिनांक २५ जुलै. दफनाच्या वेळी वाचली जाते तशी आजाराची हकीकत दगडाच्या वेळीही वाचली जाते, आणि ती अंखोस्वेनेच वाचायची असते, हे तुम्हाला सांगण्याची आवश्यकता नाही. तुम्हाला बोलावणे पाठवणे रीतीत बसते. येणे न येणे तुमच्याकडे.

दुसरे निमित्त इंग्रजी व्याकरणाचे आहे. तुमची मुलगी लोनेस सोळा वर्षांची झाली असून माध्यमिकच्या दुसऱ्या वर्गात आहे. तिच्या वह्यांवर दर शुक्रवारी पालक म्हणून माझी सही असते. मागच्या आठवड्यात तिच्या बाईंनी अभ्यास दिला: कोणाकडून तरी काही करवून घेतले आहे अशी दहा वाक्ये इंग्रजीत, कर्मणी प्रयोगात लिहा, आणि प्रत्येकाच्या शेपटाला करायला लावणारा कोण ते जोडा. तिने लिहिले की, मळ्यातल्या बायकांना मुकादमाकडून पावसात चहाची पाने खुडायला लावले गेले. तिने असेही लिहिले की, आजीला आजोबांकडून रोज तीनदा चहा करायला लावले जाते. हे अतिशयोक्त आहे. चहा दोनदा होतो.

नववे वाक्य असे होते: माझ्या आईला माझ्या वडिलांकडून संध्याकाळपर्यंत घरी थांबायला लावले गेले.

बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आहे. व्याकरणात चूक नाही.

माझी पृच्छा एवढीच. सन १९८५ मध्ये माझ्या ओसरीवर बसून तुम्ही मला हाच धडा समजावून दिला होता. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, असे मला स्मरते, की करायला लावणारा अज्ञात असेल किंवा सर्वांना ठाऊक असेल, तर ते शेपूट गाळले तरी वाक्य पूर्ण राहते. हा नियम आजही लागू आहे काय, ते लेखी कळवावे.

आपला,
ला. मुहिवा


मुहिवा गाव
दिनांक १ जून १९९८

श्री. नाझोम्बे यांस,

चार आठवडे झाले, उत्तर नाही. करोंगा दूर आहे, हे मान्य. तथापि उत्तरेकडची बस आठवड्यातून दोनदा सुटते.

दगडाच्या दिवशी वाचावयाची हकीकत तुमच्या अवलोकनार्थ खाली देत आहे. ती दफनाच्या दिवशी, २१ ऑक्टोबर १९८७ रोजी वाचली होती तीच आहे. मी जबान्यांची नक्कल ठेवतो, हे तुम्ही जाणता.

"एनिफा हिला रविवारी सूर्यास्ताला कळा सुरू झाल्या. सुईणीला बोलावण्यात आले. प्रयत्नांची शर्थ करण्यात आली. सोमवारी सकाळी, मूल अडले आहे, असे कळवण्यात आले. रुग्णास दुपार उलटेपर्यंत घरीच थांबवण्यात आले. त्यानंतर डोलीतून मोठ्या दवाखान्याकडे नेण्यात आले. निलगिरीच्या झाडांच्या रांगेपाशी, मूल पोटातच असता, तिने प्राण सोडला."

यात एकही शब्द खोटा नाही. मी कोणाचे नाव घेतले नाही, हेही नोंदवू इच्छितो. मी वाचून कागदाची घडी केली तेव्हा लोक तुमच्याकडे पाहू लागले, तो त्यांचा स्वतःचा निष्कर्ष होता. तुम्ही पुरुषांच्या चटईवर मांडीत हात ठेवून बसला होता. कडेला बसलेल्या बायकांतून कोणीतरी ओरडले, "मास्तरला शाळेची घंटा चुकवायची नव्हती! बायको काय, दुसरी मिळते!" दुसरीने तुमच्या अंगावर माती फेकली. रीतीप्रमाणे तुम्ही स्वतः बोलू शकत नव्हता. तुमच्या वतीने तुमचे मामा बाउलेनी यांनी बोलावयाचे होते. ते मान खाली घालून बसून राहिले.

तुम्हाला दुसऱ्या दिवशी चटई आणि सायकल देऊन गावाबाहेर काढण्यात आले. लेकरू आईच्या कुळाचे, म्हणून लोनेसला येथेच ठेवण्यात आले. वर्ष सरल्यावर विधुराचे डोके भादरून त्याला मोकळे करावयाचे असते, तो विधी पुढे ढकलण्यात आला. तो अद्याप झालेला नाही. तुम्ही दुसरे लग्न केले नाही, असे ऐकण्यात आहे.

लिहीत असता माझी धाकटी बहीण डोरिका, म्हणजे तुमच्या सासूबाई, थोब्वाचा पेला घेऊन आल्या.

"कोणाला एवढं, दादा?"

"करोंग्याला."

"अकरा वर्षांनी जावई आठवला? मला वाटलं शाई फक्त सरकारसाठी ठेवलीय तू."

त्यांना अलीकडे तोंड फार झाले आहे.

हकीकतीत काही सूचना असल्यास कळवाव्यात.

आपला,
ला. मुहिवा


मुहिवा गाव
दिनांक २२ जून १९९८

नाझोम्बे गुरुजी यांस,

तुमचे पाकीट मिळाले. त्यात पत्र नव्हते. माझेच १ जूनचे पत्र होते, आणि त्यावर लाल शाई होती.

चीफ, मॅजिस्ट्रेट, दोन जिल्हाधिकारी, त्यांपैकी एक इंग्रज, यांच्यापुढे माझ्या हातचे कागद एकतीस वर्षे गेले. त्यांवर कोणी लाल रेघ ओढली नाही. तुम्ही मात्र कर्ता गाळलेल्या प्रत्येक क्रियापदाखाली ओढलीत, आणि समासात दर वेळी एकच शब्द लिहिलात: कोणी? बोलावण्यात आले, कोणी? कळवण्यात आले, कोणी? काढण्यात आले, कोणी? एकूण आठ वेळा. अक्षर पूर्वीसारखेच सुबक आहे.

मी ते पाकीट चुलीत घालण्यासाठी उठलो होतो. डोरिकाबाईंनी विचारले, "आलं उत्तर?" मी म्हणालो, उत्तर नाही, उद्धटपणा आला आहे. त्या म्हणाल्या, "मग नीट वाच. तुझ्याशी उद्धट बोलायला माणसाला अकरा वर्षं लागलीत."

तेव्हा उत्तरे देत आहे. सुईणीला डोरिकाबाईंनी बोलावले. प्रयत्न सुईणीने केले. मूल अडल्याचे कळवले ते तुम्ही. डोली तुम्ही उचललीत, तुमच्या शाळेच्या दोन शिक्षकांसह आणि बाउलेनींसह. गावाबाहेर तुम्हाला माझ्या भाच्यांनी काढले आणि त्यांना मी सांगितले होते. लोनेसला मी ठेवून घेतले. तुमचे डोके भादरण्याचा विधी मी ढकलला.

रुग्णास थांबवण्यात आले, कोणी? या एका प्रश्नापाशी कागद चार दिवस पडून होता.

१९ ऑक्टोबरच्या सकाळी सात वाजता तुम्ही सायकलवरून माझ्या अंगणात आलात. मी लापशी खात होतो. तुमच्या सदऱ्याची बटणे वरखाली लागली होती, हे मला आठवते. ते मला त्या वेळी अपमानकारक वाटले. तुम्ही गुडघे टेकलेत, हे खरे. तरी सायकल तुम्ही उभी न करता टाकली होती आणि तिचे चाक फिरत होते.

तुम्ही म्हणालात, "मामा, मूल अडलंय. सुईण म्हणते हातात काही राहिलं नाही. मळ्याची लॉरी आठला सुटते, ड्रायव्हर न्यायला तयार आहे. फक्त तुम्ही हो म्हणा."

मी म्हणालो, "तुमचे मामा कुठे आहेत?"

"ते तुचिला नदीच्या पलीकडे. आणायला वेळ नाही."

"मग माझ्याशी बोलायला तुम्हाला कोणी पाठवलं? आमच्या भाचीविषयी आमच्याशी बोलायचं ते तुमच्या अंखोस्वेनं. लग्नाची कोंबडी घेऊन तेच आले होते ना? का तेव्हाही तुम्ही एकटेच आला होता?"

"मामा, पाया पडतो. आज रीत नको."

"रीत आजच हवी. बाकीच्या दिवशी ती लागतच नाही."

तुम्ही सायकल उचललीत. मी लापशी संपवली. लॉरी गेल्याचा आवाज मी ऐकला.

बाउलेनी दुसऱ्या गावी मयताला गेले होते, हे मला ठाऊक नव्हते. परंतु नदी किती दूर आहे, हे मला ठाऊक होते. ते तीन वाजता आले, रीतीप्रमाणे आदराच्या टाळ्या वाजवून माझ्यापुढे बसले आणि तुम्ही सकाळी उच्चारलेलीच वाक्ये त्यांनी पुन्हा उच्चारली. मी तत्काळ होकार दिला. तोपर्यंत कोणतेही वाहन राहिले नव्हते.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले होते. मी त्यांना बजावले होते की, मी जे वाचेन त्यावर तुम्ही एक शब्द काढलात, तर हे लेकरू तुमच्या कुळाला पुन्हा दिसणार नाही. ते गप्प बसले ते यामुळे. ते वारले तेव्हा मी मयताला गेलो नाही.

आता मूळ कारण. रीत हे कारण होते, असे मी न्यायसभेत शपथेवर सांगितले असते आणि ते मान्यही झाले असते. त्या सोमवारच्या दोन आठवडे आधी शाळेच्या नव्या खोलीचे उद्घाटन झाले. पालकांच्या वतीने मी इंग्रजीत भाषण केले. पालकांना विटा वाहायला लावले गेले, अशा अर्थाचे एक वाक्य मी म्हणालो आणि त्यात 'टू' हा छोटा शब्द माझ्याकडून राहिला. साध्या वाक्यात तो लागत नाही; कर्मणीत परत आणावा लागतो. तुम्ही पहिल्या रांगेतून, हळू आवाजात, तो शब्द पुरवलात. तुमचा हेतू मदतीचा होता, असे आज वाटते. आठवीची मुले हसली. चीफ हसले. एनिफा सर्वांत मोठ्याने हसली आणि म्हणाली, "मामा, घरी ये, तुला शिकवणी लावते!"

तिने ते लाडाने म्हटले होते.

तुम्ही अंगणात गुडघे टेकले होते तेव्हा माझ्या मनात ती खोली होती.

ला. मुहिवा


मुहिवा गाव
दिनांक १३ जुलै १९९८

गुरुजी यांस,

तुमच्याकडून लाल शाईही आली नाही. तरी लिहितो, कारण एक गोष्ट मी मागील पत्रातही लपवली होती.

लोनेसच्या नवव्या वाक्याखाली माझी सही आहे. पहिल्या पत्रात मी वाक्याविषयी लिहिले आणि सहीविषयी लिहिले नाही. त्या शुक्रवारी मी ते वाक्य दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि पूर्ण नाव लिहून सही केली. शाळेच्या पटावर तिचे आडनाव मुहिवा आहे, तेही मी लावले आहे.

दगडाच्या दिवसापर्यंत तिला काही सांगू नये, असा माझा विचार होता. परंतु लोकांसमोर तिने ते प्रथम ऐकावे, हे मला योग्य वाटले नाही. काल चर्चहून आल्यावर मी तिला ओसरीवर बसवले, वही मागितली आणि नवव्या वाक्यातील 'वडिलांकडून' या शब्दावर रेघ ओढली.

"बाईंनी बरोबर दिलंय ते," ती म्हणाली.

मी वर दुसरा शब्द लिहिला आणि वही परत दिली. तिने तो वाचला.

"थट्टा करताय का आजोबा?"

मी म्हणालो, मी थट्टा करत नाही, हे तू जाणतेस.

"किती वेळ?"

"सकाळपासून."

"किती वेळ, आजोबा? निवृत्तीचं घड्याळ होतं ना भिंतीवर? मला तर त्याला हात लावू देत नव्हतात."

"आठ तास."

डोरिकाबाई आतल्या बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होत्या. लोनेस त्यांच्याकडे वळली. "आजी, तुला ठाऊक होतं?"

"मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला ठाऊक नसेल तर कोणाला?"

"मग तू का नाही पाठवलंस बाबांना परस्पर लॉरीकडे?"

"मी सासू. तो माझ्यासमोर येत नव्हता, मी त्याच्यासमोर नाही. कुडाआडून ओरडले, माझ्या भावाला विचार म्हणून. मीच ओरडले." शेंगा सोलण्याचे थांबले नव्हते. "सारखी विचारत होती, मामा हो म्हणाला का? मी म्हणत होते, म्हणेल. आत्ता म्हणेल."

"आणि थडग्यापाशी?"

"भाऊ उभा असताना बहिणीनं बोलायचं नसतं इथं. तूही शिकशील." मग त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "नको. तू नको शिकूस."

एनिफा असे विचारत होती, हे मला अकरा वर्षे कोणी सांगितले नव्हते. मी कोणाला विचारलेही नव्हते.

लोनेसने मला विचारले, "मी लहान असताना बाबा एकदा आले होते ना? मी दगड मारला होता त्यांना. तुम्ही दारात उभे होतात."

होतो. १९९० मध्ये तुम्ही तिच्यासाठी बूट घेऊन आला होता. ती आठ वर्षांची होती. तिने दगड मारला, तुम्ही बूट अंगणाच्या कडेला ठेवलेत आणि गेलात. मी तिला दगड मारायला सांगितले नव्हते. मी तिला थांबवलेही नव्हते. बूट दुसऱ्या मुलीला देण्यात आले. मी दिले.

ती काल संध्याकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

ला. मुहिवा


मुहिवा गाव
दिनांक २६ जुलै १९९८

ग्रेशम नाझोम्बे यांस,

मी, लायसन मुहिवा, वय वर्षे सत्त्याहत्तर, कालपर्यंत मुहिवा कुळाचा अंखोस्वे, सत्य तेच लिहितो.

काल दगड बसला. करड्या रंगाचा आहे, नाव नीट कोरलेले आहे. पुरुषांच्या चटईवर तुमची जागा मोकळी ठेवली होती. तुम्ही आला नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर आलो नसतो.

माझ्या हातात जुना कागद होता, परंतु मी तो वाचला नाही. माझ्या तोंडून जी हकीकत गेली ती अशी:

"माझ्या भाचीचं मूल अडलं. तिच्या नवऱ्यानं सकाळी सातला येऊन माझे पाय धरले. लॉरी तयार होती. मी नाही म्हणालो. त्याचा मामा येईपर्यंत मी तिला थांबवलं, आठ तास. ती मेली. मग मी इथं उभं राहून अशी हकीकत वाचली, की तुम्ही सगळे त्याच्याकडे बघाल. तुम्ही बघितलंत. त्यानं काही केलं नव्हतं. मी केलं."

कोणी रडले नाही, आणि हे मला सर्वांत कठीण गेले. गावप्रमुख काकोम्बे यांनी विचारले, "म्हातारबुवा, हे तेव्हा का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, तेव्हा सर्वांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या दिवशी माती फेकणारी बाई, आता तीही म्हातारी झाली आहे, उठली आणि थडग्याकडे न जाता सरळ घरी गेली. माझ्या घरी लोकांसाठी न्सिमा व मासे शिजवले होते. ते कोणी खाल्ले नाहीत.

आज सकाळी कुळाच्या बायका माझ्याशिवाय बसल्या. आमच्या लेकीबाळींच्या वतीने यापुढे माझा धाकटा भाचा बोलेल. डोरिकाबाई जेवण आणून ठेवतात, पण पेला हातात देत नाहीत. माझ्या थडग्यापाशी माझ्या आजाराची हकीकत कोण सांगेल, हे ठरलेले नाही. जो कोणी सांगेल, त्याने नावे गाळू नयेत, असे मी लिहून ठेवले आहे.

उरला तुमचा विधी. तुमचे डोके भादरून तुम्हाला मोकळे करणे हे एनिफाच्या कुळाचे काम आहे आणि तेथे माझा हात चालणार नाही, हे मला कळते. डोरिकाबाई म्हणाल्या, "मी जाते. सासू-जावयाचं ते आता माझ्या वयाला माफ." त्यांचे गुडघे करोंग्यापर्यंतच्या बसमध्ये टिकणार नाहीत. तेव्हा लोनेस म्हणाली, "वस्तरा मला दे आजी. मी पण आईच्याच कुळाची ना?" हे वाक्य तिने माझ्याकडे न पाहता उच्चारले.

म्हणून हे पत्र टपालाने येत नाही. ते घेऊन येणारी तुमच्या दारात उभी असेल. तिच्या हातात दगड नाही. तिला आत घ्यावे की न घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार केवळ तुमचा आहे. माझ्यासाठी काही मागत नाही.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, तो साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

लायसन मुहिवा

समक्ष हजर साक्षीदार:

विल्यार्ड काकोम्बे, गावप्रमुख. सही.

एल्डर फ्रॅक्सन नाहिपा, चर्चचे वडीलधारे. सही.

डोरिका मुहिवा, मृताची आई. अंगठा. त्यांनी तो दोनदा उठवला. एकदा स्वतःसाठी आणि एकदा एनिफासाठी, असे म्हणाल्या. मी हरकत घेतली नाही.

लोनेस नाझोम्बे, मृताची मुलगी, वय वर्षे सोळा. आडनाव तिने लिहिले तसेच ठेवले आहे. ही सही तिच्याकडून कोणी करवून घेतलेली नाही.